सिरिंज, नळी आणि दाबसंवेदक : बॉइलच्या नियमासाठीच्या एका संचाचे परीक्षण

या संचाच्या खोक्यात मोजक्याच वस्तू निघतात. २० मिलिलिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची सिरिंज, तिच्या टोकाला फिरवून बसणारी अर्ध्या वितीहून थोडी आखूड अशी मऊ नळी, त्या नळीचे दुसरे टोक जिथे जोडायचे तो दाबाचा सेन्सर, संगणकाशी जोडण्याची केबल आणि चार पानांची माहितीपुस्तिका. सेन्सर निरपेक्ष दाब, म्हणजे निर्वाताला शून्य धरून मोजलेला दाब, किलोपास्कलमध्ये दाखवतो आणि त्याची मर्यादा ४०० किलोपास्कलची, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास चौपट आहे. उत्पादकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण अशा बांधणीचे संच अनेक जण तयार करतात आणि पुढे ज्या गुणदोषांबद्दल लिहिले आहे, त्यांपैकी बहुतेक बांधणीतूनच आलेले आहेत. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने किंवा स्वतःच्या समाधानासाठी प्रयोग करणाऱ्याने असा संच घ्यावा का, घेतल्यास त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, एवढाच या परीक्षणाचा हेतू आहे.

परीक्षणाची कसोटी आधी स्पष्ट करतो. स्थिर तापमानाला ठरावीक वस्तुमानाच्या वायूचा दाब त्याच्या आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजेच दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो, हा बॉइलचा नियम. या विधानात मोजायच्या राशी दोन आहेत आणि पाळायच्या अटीही दोनच आहेत : तापमान बदलू द्यायचे नाही आणि वायू आत-बाहेर जाऊ द्यायचा नाही. मोजमाप आज कोणताही बरा सेन्सर करून देतो. उपकरणाची खरी परीक्षा अटींच्या बाबतीत होते. अटी किती पाळल्या जातात आणि त्या मोडल्या तर ते वापरणाऱ्याला कळते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर मी या संचाला गुण देणार आहे.

बांधणीबद्दल प्रथमदर्शनी तक्रार नाही. सिरिंजचा दट्ट्या सरळ सरकतो, नळीचे जोड आटे असलेले असल्यामुळे दाब वाढला तरी निसटत नाहीत आणि सेन्सर चालू केल्यावर दाखवतो तो आकडा त्या वेळच्या वातावरणीय दाबाशी जुळतो. सिरिंजवरील रेघा मात्र एकेक मिलिलिटरच्या अंतरावर आहेत आणि या संचाची पहिली मर्यादा तिथेच आहे. दट्ट्याच्या टोकाला काळे रबर असते. त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला दोन वेगळ्या कडा सिरिंजच्या भिंतीला टेकतात आणि मधला भाग किंचित आत असतो. वाचन पुढच्या कडेवरून, म्हणजे वायूच्या बाजूने घ्यायचे, आणि डोळा त्या कडेच्या नेमक्या समोर ठेवायचा. मागच्या कडेवरून वाचणारे विद्यार्थी दर वर्गात निघतात आणि त्यांचे प्रत्येक वाचन सारख्याच मिलिलिटरनी चुकते. पुढची कड नीट वाचली तरी रेघांच्या मधला अंदाज पाव मिलिलिटरपेक्षा बारीक करता येत नाही. वीस मिलिलिटरवर हा पाव म्हणजे सव्वा टक्का. पाच मिलिलिटरवर तोच पाव म्हणजे पाच टक्के. दाब जिथे सर्वांत जास्त आणि सेन्सरचे वाचन सर्वांत भरवशाचे, नेमके तिथेच आकारमानाचे वाचन सर्वांत कच्चे पडते, ही विसंगती कितीही चांगला सेन्सर बसवला तरी जात नाही.

आता या संचातील सर्वांत मोठ्या उणिवेकडे वळू. सिरिंजवरचा आकडा म्हणजे कोंडलेल्या हवेचे संपूर्ण आकारमान नव्हे. नळीतली हवा, सिरिंजच्या अरुंद तोंडातली हवा आणि सेन्सरच्या आतल्या पोकळीतली हवा ही सगळी त्याच कोंडलेल्या हवेचा भाग आहे. पण तिच्यावर कुठेही रेघा नाहीत. नळीचा आतला व्यास तीन मिलिमीटर आणि लांबी दहा सेंटिमीटर धरली, तर तिच्यात सुमारे ०.७ मिलिलिटर हवा मावते. बाकीच्या पोकळ्या मिळवून हा न मोजलेला भाग १ मिलिलिटरच्या आसपास जातो. २० मिलिलिटरच्या तुलनेत हे किरकोळ वाटते, म्हणून त्याचा परिणाम आकड्यांत पाहणे आवश्यक आहे. दट्ट्या २० वर ठेवून १०१.३ किलोपास्कल दाबाला नळी जोडली, तर कोंडलेली हवा प्रत्यक्षात २१ मिलिलिटर असते. दट्ट्या १० वर आणला की ती ११ मिलिलिटर उरते आणि दाब १९३.४ किलोपास्कल होतो, २०२.६ नव्हे. दट्ट्या ५ वर आणला की दाब ३५४.६ होतो. सिरिंजवरचे आकडे जसेच्या तसे घेऊन गुणाकार केला, तर तो अनुक्रमे २०२६, १९३४ आणि १७७३ येतो. जो गुणाकार कायम राहायला हवा, तो साडेबारा टक्क्यांनी घसरला, आणि तोही एकाच दिशेने, पायरीपायरीने. विद्यार्थी अशा वेळी ‘हवा गळत असावी’ असे लिहून मोकळे होतात. पुस्तिका या भागाबद्दल एक शब्दही लिहीत नाही, ही माझी या संचाविषयीची पहिली गंभीर तक्रार आहे.

ही उणीव नीट हाताळली तर तिच्यातूनच प्रयोगाचा सर्वांत चांगला भाग तयार होतो. न मोजलेले आकारमान सिरिंजवरच्या आकड्यात मिळवले, तर त्या बेरजेचा आणि दाबाचा गुणाकार कायम राहायला हवा. म्हणून दाब आणि आकारमान यांचा वक्र आलेख काढण्याऐवजी आडव्या अक्षावर दाबाचा व्यस्तांक (एक भागिले दाब) आणि उभ्या अक्षावर सिरिंजवरचे आकारमान घ्यावे. बिंदू एका सरळ रेषेत येतात. पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. ती मागे वाढवली की आकारमानाच्या अक्षाला शून्याच्या खाली, उणे एकच्या जवळपास छेदते. ऋण आकारमान असे काही नसते, हे उघड आहे. त्या छेदाचा अर्थ असा की वायूचे आकारमान खरोखर शून्य व्हायला सिरिंजवरचा आकडा शून्याच्याही एक मिलिलिटर पलीकडे जावा लागेल. नळी उघडून न पाहता तिच्यात किती हवा मावते, ते आलेखावरून सांगता येते. याच रेषेच्या चढावरून आणखी एक गोष्ट हाती लागते. वरच्या उदाहरणात दाब आणि खऱ्या आकारमानाचा गुणाकार २१२७ किलोपास्कल-मिलिलिटर, म्हणजे २.१३ ज्यूल आहे. तापमान ३०० केल्विन धरले तर संचात कोंडलेली हवा सुमारे ०.०००८५ मोल भरते. प्रयोग पुन्हा करताना दट्ट्या २० ऐवजी १५ वर ठेवून नळी जोडली की रेषेचा चढ कमी होतो आणि छेद मात्र जागचा हलत नाही. वायूचे प्रमाण बदलले की काय बदलते आणि काय बदलत नाही, हे समजावण्यासाठी याहून स्वच्छ साधन माझ्या पाहण्यात नाही.

तापमानाच्या अटीबाबत या संचाने मला सर्वांत जास्त समाधान दिले. दट्ट्या झटकन दाबला की आतली हवा तापते. बाहेर अजिबात उष्णता जाऊ दिली नाही असे मानले आणि आकारमान निम्मे केले, तर २७ अंश सेल्सिअसची हवा सव्वाशे अंशांच्या घरात जाईल आणि दाब दुप्पट न होता २.६४ पट होईल. प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये प्रत्यक्ष वाढ यापेक्षा बरीच कमी असते, कारण हवेचा स्तंभ बारीक आहे, हवेचे वस्तुमान नगण्य आहे आणि भिंत तिला लगेच थंड करते. तरीही वाढ होतेच. सेन्सरला दर सेकंदाला पुष्कळ नोंदी घेण्याची सूचना देऊन दट्ट्या एका झटक्यात खाली नेला आणि तिथेच घट्ट धरला, की संगणकावर दाबाची रेघ उंच उडी घेते, एक टोकदार शिखर गाठते आणि मग दोन-चार सेकंदांत उतरत जाऊन एका सपाट पातळीवर स्थिरावते. दट्ट्या हललेला नाही, हवा बाहेर गेलेली नाही, तरी दाब उतरला. उतरला तो केवळ तापमान खोलीच्या बरोबरीला आले म्हणून. दट्ट्या झटकन मागे सोडला की याच्या उलट चित्र दिसते : दाब अपेक्षेपेक्षा खाली जातो आणि हळूहळू वर येतो. बॉइलचा नियम त्या सपाट पातळीला लागू आहे, शिखराला नाही. ‘स्थिर तापमानाला’ हे दोन शब्द नियमात कशासाठी आहेत, हे काट्याच्या दाबमापीवर कधीच इतक्या ठसठशीतपणे दिसत नाही, कारण काटा एवढ्या जलद बदलाच्या मागे धावेपर्यंत तो बदल संपलेला असतो.

येथे एक गंमत नोंदवली पाहिजे, कारण ती परीक्षकालाही चकवू शकते. न मोजलेल्या हवेमुळे गुणाकार अपेक्षेपेक्षा कमी येतो. घाईने घेतलेल्या वाचनात तापलेल्या हवेमुळे तो जास्त येतो. या दोन चुका विरुद्ध दिशांना ओढतात. वरच्या उदाहरणात दट्ट्या १० वर असताना गुणाकार साडेचार टक्क्यांनी कमी भरतो. त्या क्षणी हवा खोलीपेक्षा तेरा-चौदा अंशांनी गरम असेल, तर तेवढीच तूट भरून निघते. दट्ट्या दाबताच पुढच्या क्षणाला नोंद घेणाऱ्या उतावळ्या विद्यार्थ्याचा गुणाकार म्हणूनच कधीकधी शांतपणे थांबून नोंद घेणाऱ्यापेक्षा जास्त ‘कायम’ दिसतो आणि गुणही त्यालाच मिळतात. ज्या संचात चुकीच्या पद्धतीचे बक्षीस मिळू शकते, त्या संचाच्या पुस्तिकेत ‘प्रत्येक वाचनापूर्वी दाब स्थिर होईपर्यंत थांबा’ हे वाक्य ठळक अक्षरांत असायला हवे. ते साध्या अक्षरांतही नाही.

हाताच्या उबेचाही विचार करावा लागतो. ३०० केल्विनच्या आसपास तापमान एका अंशाने वाढले की दाब एकतृतीयांश टक्क्याने वाढतो. सिरिंज मुठीत घट्ट धरून बसले आणि हवा पाच अंशांनी तापली, तर दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो. सिरिंज तिच्या वरच्या कडांना धरावी, हवा असलेल्या भागाला हात लावू नये, एवढी काळजी पुरते. शक्य असल्यास ती स्टँडला बांधावी. संचात स्टँड नाही, पण प्रयोगशाळेतील साधा चिमटा चालतो.

दुसरी अट हवेच्या प्रमाणाची. जोडांमधून गळती आहे की नाही, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे आणि ती दर वेळी करावी : प्रयोग संपल्यावर दट्ट्या पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर आणून दाब पाहायचा. तो सुरुवातीइतकाच आला तर हवा आत-बाहेर गेलेली नाही. नव्या संचात हा ताळा उत्तम जुळतो. सततच्या वापराने नळीचे टोक सैलावते आणि रबराची कड झिजते. तेव्हा जास्त दाबाखाली दट्ट्या धरून ठेवला असता दाबाची रेघ सपाट न होता उतरतच राहते. थंड होण्यामुळे होणारी उतरण काही सेकंदांत थांबते, गळतीमुळे होणारी थांबत नाही. दोन्हींमधला फरक आलेखावर नजरेने ओळखता येतो आणि त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही.

रबर आणि प्लॅस्टिक यांच्यातील घर्षण हा या संचाचा किरकोळ दोष म्हणावा लागेल. दट्ट्या काही वेळ अडतो आणि मग एकदम सरकतो, त्यामुळे ठरवलेल्या रेघेवर थांबवणे कठीण जाते. घर्षणाचा दाबाच्या वाचनावर परिणाम होत नाही, कारण दाब हाताच्या बळावरून न मोजता थेट हवेतून मोजला जातो; वजने ठेवून दट्ट्या दाबण्याच्या जुन्या पद्धतीच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे. हाताला पडणारा जोर मात्र लक्षात घ्यावा. दट्ट्याचा व्यास सुमारे दोन सेंटिमीटर असेल तर ३०० किलोपास्कल निरपेक्ष दाब टिकवायला साठ न्यूटनहून जास्त, म्हणजे सहा किलोग्रॅमच्या वजनाएवढे बळ लावावे लागते, आणि ४०० किलोपास्कलला ते साडेनऊ किलोग्रॅमच्या वर जाते. लहान मुलांच्या अंगठ्यांना हे झेपत नाही, हात थरथरतो आणि त्याबरोबर आकारमानही. दोघांनी मिळून प्रयोग करावा, एकाने दट्ट्या धरावा आणि दुसऱ्याने नोंद घ्यावी. सेन्सरची मर्यादा ओलांडली तर तो बिघडू शकतो, म्हणून पाच मिलिलिटरच्या खाली जाण्याचा मोह टाळलेला बरा.

वातावरणापेक्षा कमी दाबाच्या बाजूनेही हा संच चालतो आणि ही सोय फार थोडे लोक वापरतात. दट्ट्या १० वर ठेवून नळी जोडायची आणि तो बाहेर ओढत २० पर्यंत न्यायचा; दाब १०१ वरून ५३ किलोपास्कलच्या आसपास उतरतो. नळी न काढता हीच हवा दाबून आणि ओढून घेतलेले दोन्ही बाजूंचे बिंदू एकाच रेषेवर पडलेले पाहिल्यावर नियमाची व्याप्ती चांगली उमगते.

दमट हवेचा मुद्दा पुस्तिकांत येत नाही, पण तो अगदीच बारीकही नाही. २५ अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब ३.१७ किलोपास्कल असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर तिच्यातील वाफेचा दाब १.९ किलोपास्कल होतो. आकारमान निम्मे केले की तो ३.८ व्हायला हवा, पण ३.१७ च्या वर तो जाऊ शकत नाही. जादा वाफ पाणी होऊन भिंतीवर बसते. निम्म्या आकारमानाला ही घट एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच असते, एकचतुर्थांश आकारमानाला मात्र ती एक टक्क्याच्या वर जाते. पावसाळी हवेत शेवटचे एक-दोन बिंदू रेषेच्या खाली का पडतात, याचे एक कारण हे आहे. हवेचे बॉइलच्या नियमापासून होणारे स्वतःचे विचलन या दाबांना इतके कमी असते की हा संच ते दाखवूच शकत नाही. कार्बन डायऑक्साइड भरून पाहणाऱ्यांनी मात्र चौपट दाबाला दोन टक्क्यांच्या आसपास घट अपेक्षित धरावी. तिथे रेणूंमधील आकर्षणाचा हिशेब करावा लागतो आणि तो हिशेब योहानेस व्हान डर वाल्स यांनी १८७३ साली मांडलेल्या समीकरणापासून सुरू होतो.

तुलनेसाठी जुने, तेलाच्या स्तंभाचे उपकरण डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. वरून बंद असलेली जाड काचेची उभी नळी, तिच्यात तेलावर कोंडलेली हवा, शेजारी मापपट्टी, खाली तेलाची टाकी, पायपंप आणि काट्याचा दाबमापी, अशी त्याची रचना. वर्गाच्या शेवटच्या बाकावरूनही हवेचा स्तंभ आखडताना दिसतो, आणि हे दृश्य सिरिंज देऊ शकत नाही. न मोजलेल्या हवेचा प्रश्न तिथे नाही, कारण मापपट्टी बंद टोकापासून सुरू होते. पण ते उपकरण निर्दोष आहे असा समज करून घेऊ नये. दाब वाढवल्यावर पुष्कळ थांबावे लागते. दाब कमी केला की तेलाचा पातळ थर भिंतीवरून सावकाश ओघळत राहतो आणि तोवर वाचन घेण्यात अर्थ नसतो. शिवाय काटा टाकीतला दाब दाखवतो, कोंडलेल्या हवेचा नव्हे : अर्धा मीटर उंच तेलाचा स्तंभ चार किलोपास्कलच्या वर दाब टाकतो आणि तेवढ्याने कोंडलेल्या हवेचा दाब कमी असतो. काही दाबमापींचा काटा मोकळ्या हवेत शून्यावर असतो, काहींचा १०० वर. पहिल्या प्रकारात वातावरणाचा दाब मिळवायला विसरले तर सगळी नोंदवही वाया जाते. सिरिंजच्या संचातील सेन्सर निरपेक्ष दाब देत असल्यामुळे ही एक डोकेदुखी मुळातच नाही.

रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली प्रसिद्ध केलेल्या नोंदी या दोन्ही उपकरणांशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्यांची काचेची नळी इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली होती. आखूड बाजू बंद, लांब बाजू उघडी, आणि उघड्या बाजूने पारा ओतत जायचे. नळी इतकी उंच होती की खोलीत मावेना, म्हणून ती जिन्यात दोऱ्यांनी टांगली आणि सांडणारा पारा झेलायला खाली लाकडी पेटी ठेवली. हवेच्या स्तंभाची लांबी ४८ भागांवरून २४ वर आली तेव्हा पाऱ्याचा एकूण दाब २९ पूर्णांक २/१६ इंचांवरून ५८ पूर्णांक १३/१६ इंचांवर गेला, आणि १२ वर आली तेव्हा ११७ पूर्णांक ९/१६ इंचांवर. नियमाप्रमाणे हे आकडे ५८ पूर्णांक २/८ आणि ११६ पूर्णांक ४/८ यायला हवे होते, आणि बॉइल यांनी अपेक्षित आकड्यांचा रकाना प्रत्यक्ष नोंदींशेजारीच छापला. फरक एक टक्क्याच्या घरातला आहे. दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असावेत ही कल्पना इंग्रज अभ्यासक रिचर्ड टाउनली यांची असल्याचेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. ओले फडके आणि मेणबत्तीची ज्योत नळीजवळ नेऊन थंडी-उष्णतेने हवेचे आकारमान किती बदलते, हेही त्यांनी तपासून पाहिले होते. मोजलेले आणि अपेक्षित असे दोन रकाने शेजारी मांडण्याची ही पद्धत मला या संचाच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी होती, आणि माझी दुसरी गंभीर तक्रार तिथूनच निघते.

संचासोबतचे सॉफ्टवेअर उघडताच त्यात आकारमानाची दुरुस्ती आधीच चालू केलेली असते. म्हणजे वापरणाऱ्याने सिरिंजवरचा आकडा भरला की कार्यक्रम त्यात नळीसाठी ठरवून दिलेले आकारमान न सांगता मिळवतो, बिंदूंमधून वक्र काढतो आणि गुणाकार कायम असल्याचे जाहीर करतो. दिसायला हे फार सुबक आहे. दुरुस्ती बंद करण्याची सोय आहे, पण ती सेटिंगच्या आतल्या पानावर. ती बंद करून त्याच नोंदींवर घातांकाचा वक्र काढून घेतला तर घातांक उणे एक न येता उणे ०.९ च्या आसपास येतो, आणि तो तसा का आला हे शोधण्यातच शिकण्यासारखे काहीतरी आहे. शिवाय मूळ नळी खराब होऊन तिच्या जागी लांब किंवा आखूड नळी लावली, तर कार्यक्रम जुन्याच नळीचे आकारमान मिळवत राहतो आणि चुकीची दुरुस्ती आत्मविश्वासाने करतो. उपकरणाने मदत करावी, पण ती काय मदत करत आहे ते सांगून करावी. प्रयोगशाळेत हा संच वापरणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ती दुरुस्ती बंद करावी आणि नोंदी कागदावर घ्याव्यात.

एवढे सगळे लिहूनही मी या संचाची शिफारस करतो. विद्यार्थ्यांनी स्वतः हाताने करायच्या प्रयोगासाठी तेलाच्या उपकरणापेक्षा तो निश्चित सरस आहे : आकाराने लहान, दोन्ही दिशांना चालणारा, आणि तापमानाची अट डोळ्यांना दाखवणारा. वर्गासमोर एकदाच दाखवायचे असेल तर मात्र तेलाचा स्तंभच ठेवावा. माध्यमिक वर्गांना दाब आणि आकारमानाचा वक्र पुरेसा आहे. व्यस्तांकाचा आलेख आणि त्याचा छेद उच्च माध्यमिक वर्गांसाठी राखावा. वापरताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि नळीचे तोंड कोणाच्या चेहऱ्याकडे वळवू नये, हे सांगायला नकोच.

उत्पादकाला एक सूचना करावीशी वाटते. सेन्सर, केबल, सॉफ्टवेअर यांत काहीही न वाढवता खोक्यात दुप्पट लांबीची आणखी एक नळी द्यावी. दोन्ही नळ्यांनी तोच प्रयोग केला की व्यस्तांकाच्या आलेखावर दोन रेषा मिळतील आणि त्यांच्या छेदांमधला फरक नळीच्या जादा लांबीतल्या आकारमानाइतका भरेल. तो फरक नळीची लांबी आणि व्यास मोजून काढलेल्या आकारमानाशी विद्यार्थ्यांना पट्टीने ताडून पाहता येईल.